ऐंशी मीटरवर आधी घर शांत करा, मग अँटेना उभारा

हौशी रेडिओचा नवा परवाना, नवं कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं नाव), गच्चीवर मोठ्या उत्साहाने ताणलेला डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना. रात्री साडेनऊला ८० मीटर बँडवर, ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लावला आणि ऐकू काय आलं, तर नुसती घरघर. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा ९ वर ठाण मांडून बसलेला, आणि त्या घरघरीच्या तळाशी कुठेतरी कुणीतरी बोलतंय असा भास. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या नव्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींकडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देतो: अँटेना बदलू नका. अजून नाही.

कारण सिग्नल येतोच आहे. तो तुमच्या गच्चीपर्यंत पोचलेला आहे. त्याच्यावर तुमच्याच घरातल्या, इमारतीतल्या चार्जरांनी आणि दिव्यांनी गोंगाटाची चादर टाकली आहे. ती चादर उचलायची एक ठरलेली वाट आहे: पहिलं घर, मग शेजार, मग केबल, आणि शेवटी ऐकण्याची वेगळी अँटेना. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि घरघर तशीच राहते.

थोडा हिशोब, कारण तो धीर देतो

एस-मीटरवरचा एक अंक म्हणजे ६ डेसिबल. नॉईज, म्हणजे ही घरघर, एस-९ वरून एस-५ वर आणला तर २४ डेसिबल मिळाले, म्हणजे शक्तीच्या भाषेत जवळजवळ २५० पट. समोरचा माणूस १०० वॅटवर बोलत असेल तर तुमच्यासाठी त्याने २५ किलोवॅटचं यंत्र लावल्यासारखं झालं. एवढा फायदा कुठलाही अॅम्प्लिफायर विकत घेऊन मिळत नाही.

दुसरी गोष्ट लो बँडची, म्हणजे १६०, ८० आणि ४० मीटरसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, पी.३७२ ही शिफारस सांगते की सर्वसाधारण निवासी वस्तीत माणसांच्या यंत्रांमुळे होणारा नॉईज ३.५ मेगाहर्ट्झला नैसर्गिक औष्णिक नॉईजच्या सुमारे ५७ डेसिबल वर असतो, ७ मेगाहर्ट्झला (४० मीटर बँड) सुमारे ४९ डेसिबल वर. अगदी शांत खेड्यात ३.५ मेगाहर्ट्झला हाच आकडा ३८ च्या आसपास येतो. तुमच्या रेडिओचा स्वतःचा अंतर्गत नॉईज याच्या खूप खाली आहे. म्हणूनच या बँडवर ऐकण्याची अँटेना 'कमजोर' असली तरी चालते. तिने सिग्नल आणि नॉईज दोन्ही २० डेसिबलने खाली आणले तरी काहीच बिघडत नाही. दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. जी अँटेना नॉईज जास्त खाली नेते आणि सिग्नल कमी, ती चांगली. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

घरच्या घरी खात्री करून घ्या. अँटेनाची पिन काढा. रेडिओतली खरखर खाली बसली पाहिजे. पुन्हा जोडा, दहा-एक डेसिबलने वाढली तर रेडिओला पुरेसा आवाज मिळतोय. मग प्रीअॅम्प (सिग्नल वाढवणारी पायरी) बंद ठेवा, गरज पडल्यास अॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारा) लावा, आरएफ गेन (संवेदनशीलतेचं बटण) थोडा उतरवा. नवखी माणसं ८० मीटरवर प्रीअॅम्प चालू ठेवतात, त्याने फक्त काटा नाचतो.

वही

शोध सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती नोंद करा. एकच फ्रिक्वेन्सी निवडा जिथे कुणी बोलत नाही, एकच बँडविड्थ ठेवा, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री काटा किती आणि आवाज कसा ते लिहा. आवाजाचं वर्णन आपल्या शब्दांत: भुणभुण, टिकटिक, सुरसुर, फडफड. पुढे हेच शब्द चोर पकडून देतात.

सलग जाडसर भुणभुण, सेकंदाला शंभर वेळा कापल्यासारखी: विजेच्या तारेवरची ठिणगी, किंवा जुना गोल बटणाचा पंख्याचा रेग्युलेटर. ठराविक अंतरावर, दर पन्नास-साठ किलोहर्ट्झला एक गढूळ गाठ, जी हळूहळू सरकत राहते: स्विचिंगवाला चार्जर किंवा दिव्याचा ड्रायव्हर. सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद: कुणाच्या तरी छतावरचा सोलर इन्व्हर्टर. दर सेकंदाला एक टक्: शेताच्या कुंपणाला लावलेलं झटका मशीन, गावाकडच्या मित्रांना हे हमखास भेटतं. आणि अनियमित कडकडाट म्हणजे खरीखुरी वीज, दूरची. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांपुढे कुणाचं काही चालत नाही. त्या दिवसांत ८० मीटर ऐकून निराश होऊ नका. आपल्याकडे या बँडचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

मेन स्विच पाडायची रात्र

रेडिओ बॅटरीवर घ्या. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरीसुद्धा नुसतं ऐकायला तासभर पुरते. घरच्यांना आधी सांगा. आईची मालिका चालू असताना मेन पाडला तर तो प्रयोग पहिला आणि शेवटचा ठरतो.

आता मेन पाडा. आणि इथे आपल्याकडची एक खास गोम लक्षात ठेवा: इन्व्हर्टर. मेन गेल्या क्षणी तो जागा होतो आणि घरभर वेडीवाकडी लाट सोडतो. नॉईज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि माणूस म्हणतो, 'बघा, बाहेरूनच येतोय.' इन्व्हर्टरचं स्वतःचं बटण बंद करून मगच ऐका.

नॉईज एकदम कोसळला तर आनंद माना, सगळे चोर तुमच्याच घरात आहेत आणि त्यांच्यावर तुमची सत्ता आहे. थोडाच उतरला तर दोन्हीकडे आहेत. काहीच फरक पडला नाही तर बाहेर शोधायचं, पण तरीही घर साफ करायचंच. बाहेरचा मोठा आवाज एक दिवस सापडतो, आणि त्याच्या खाली दडलेला घरचा तेव्हा वर येतो.

यानंतरची चूक मी स्वतः महिनाभर केली. मी एकेक वस्तू बंद करायचो, ऐकायचो, फरक दिसला नाही की ती पुन्हा चालू करून पुढच्या वस्तूकडे जायचो. दहा चोर एकदम ओरडत असताना त्यातल्या एकाचं तोंड दाबलं तर काय कळणार? उलटं करा. सगळं बंद. प्लग उपटून ठेवा, नुसतं बटण नको, कारण लोंबती वायरही गोंगाट वाहून आणते. मग मेन चालू करा, एकेक एमसीबी वर करा, एकेक वस्तू जोडा, आणि प्रत्येक वेळी काटा वहीत उतरवा. दोन-तीन तास लागतात. शेवटी हातात घराचा नकाशा येतो.

माझ्या नकाशात वर कोण होतं सांगतो. पहिला नंबर इंटरनेटच्या राउटरच्या अॅडॉप्टरचा. राउटर नाही, त्याचा भिंतीतला काळा अॅडॉप्टर. चोवीस तास चालू, म्हणून इतके दिवस 'बँडच तसा आहे' असं वाटायचं. मग लॅपटॉपचा चार्जर, बैठकीच्या खोलीतली एलईडी ट्यूब, नवा बीएलडीसी पंखा, आणि देवघरातला जुना रेग्युलेटर. फ्रिज मात्र निर्दोष निघाला, त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता.

राउटरला मी लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला जुना पुरवठा करून दिला: १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि चांगल्या मोठ्या हीटसिंकवर ७८१२ ही १२ व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी. जड आहे, गरम होतो, पण मुका आहे. पंख्याचा रेग्युलेटर बदलला, त्याच्या जागी कपॅसिटरवर चालणारा पायऱ्यांचा रेग्युलेटर आला. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आणि दिवे घेताना आता खिशात छोटा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असतो. आपल्याकडचा दुकानदार बल्ब विकण्याआधी बोर्डावर लावून दाखवतोच. तो दाखवत असताना, रिकाम्या जागी ट्यून केलेला ट्रान्झिस्टर बल्बाजवळ न्यायचा. जो बल्ब गप्प, तो घ्यायचा. पहिल्या दिवशी दुकानदार बघत राहिला. आता तोच माझ्यासाठी दोन-तीन कंपन्यांचे काढून ठेवतो.

फेराईट: वेढे मोजा

जी वस्तू टाकता येत नाही तिच्या वायरवर चोक घाला, म्हणजे फेराईट या चुंबकीय पदार्थाच्या कडीवर नॉईज अडवणारे वेढे घ्या. वायरवर चिमट्यासारखं बसवायचं फेराईट सगळ्यांना माहीत असतं, आणि लो बँडवर ते एकदाच अडकवून ठेवलं तर जवळजवळ निरुपयोगी असतं. अवरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: पाच वेढे म्हणजे पंचवीस पट. म्हणून मोठी कडी घ्या. ३१ नंबरच्या मिश्रणाची २.४ इंची कडी, एफटी-२४०-३१, या कामासाठी उत्तम. ४३ नंबरचं मिश्रण वरच्या बँडना बरं, पण ८० आणि १६० ला ३१ पुढे आहे. चार्जरची वायर त्या कडीतून दहा-बारा वेळा ओवा, फेज-न्यूट्रल-अर्थ सगळ्या तारा एकत्र, आणि कडी वस्तूच्या जितकी जवळ तितकी चांगली. चार्जरला दोन्हीकडे वायर असते, दोन्हीकडे चोक लागू शकतो.

बाजारात पेटीने मिळणाऱ्या बिननावाच्या कड्यांचं मिश्रण कळत नाही. स्वस्त म्हणून दहा घेण्यापेक्षा खात्रीच्या दोन घ्या. आणि भिंतीतलं वायरिंग उघडायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थची तार नॉईज आणते म्हणून ती तोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती जीव वाचवायला आहे.

शेजार

घर शांत झाल्यावर ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात उतरा. ट्रान्झिस्टरच्या आत फेराईटची कांडी असते. तिचं टोक उगमाकडे आलं की आवाज बसतो, आडवी धरली की वाढतो. ही कांडी फिरवत फिरवत दिशा मिळते, जवळ जाल तसा आवाज वाढतो. आमच्या इमारतीत भुणभुण दुसऱ्या मजल्यावर सगळ्यात जाड होती, एका दारापाशी. मी बेल वाजवली.

'काका, तुमच्याकडे रात्री दहानंतर काही लागतं का? दिवा, पंप, काहीही.'

'अरे, माशांची टाकी आहे नातवाची. तिचा दिवा टायमरवर असतो. का रे, बिल जास्त येतंय का आपलं?'

'बिलाचं नाही काका. तुम्हीच ऐका.' मी ट्रान्झिस्टर टाकीजवळ नेला आणि घरघरीने खोली भरली. काकांनी स्वतः प्लग काढला, शांत, लावला, घरघर, पुन्हा काढला. चार वेळा केलं त्यांनी. मग आतून काकूंना हाक मारली, 'अगं इकडे ये, बघ आपल्या माशांचा रेडिओ!' दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या खर्चाने अॅडॉप्टर बदलून दिला. वर माझ्या खोलीत काटा दोन अंकांनी उतरला.

एवढंच सांगायचंय: तक्रार घेऊन जाऊ नका, ट्रान्झिस्टर घेऊन जा. माणसाला कानाने ऐकू आलं की तो मदत करतो. आणि नवा अॅडॉप्टर आपण द्यायचा. सोसायटीच्या लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं काम याहून अवघड आहे. तिथे पंपाच्या वेळा वहीत लिहा आणि त्या टाळून ऐका. रस्त्यावरच्या खांबावर ठिणगी पडत असेल, पावसाची पहिली सर आल्यावर आवाज बदलत असेल, तर खांबाचा नंबर लिहून वीज कंपनीकडे अर्ज द्या, आणि त्यात रेडिओचं नाही तर ठिणगीचं लिहा. ठिणगी त्यांच्याही काळजीची गोष्ट असते. खांबाला हात लावू नका, दणके देऊ नका.

दिवाळीच्या माळांचं काय, असं दरवर्षी विचारतात. नेमका हंगाम सुरू होतो आणि प्रत्येक बाल्कनी लुकलुकते. तो सण आहे, चार दिवस ४० मीटरवर सकाळी लवकर बसा, तेव्हा माळा बंद असतात.

केबल स्वतःच अँटेना बनते

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. कोएक्सच्या, म्हणजे अँटेनापासून रेडिओपर्यंत येणाऱ्या केबलच्या, जाळीच्या बाहेरच्या अंगावरून घरातला नॉईज चालत अँटेनापर्यंत जातो आणि तिथून आत शिरून परत खाली येतो. अँटेना कितीही चांगली असो, केबल घराचा गोंगाट वाहत राहते.

तपासायची रीत साधी आहे. गच्चीवर अँटेनाच्या टोकाला कोएक्स सोडवा आणि तिथे ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावा. खाली ऐका. बँड मेल्यासारखा शांत हवा. तरीही भुणभुण येत असेल, एखादं शॉर्टवेव्ह स्टेशन ऐकू येत असेल, तर केबल गळते आहे. उपाय पुन्हा चोकच: त्याच एफटी-२४०-३१ कडीवर कोएक्सचे बारा-चौदा वेढे, एक चोक अँटेनाच्या टोकाला आणि एक केबल खोलीत शिरते तिथे. नुसत्या ऐकण्याच्या केबलसाठी बारीक आरजी-१७४ वापरलीत तर वेढे सहज बसतात. कनेक्टरवर पाणी जाऊ देऊ नका. जाळी काळी पडली की गळती पुन्हा सुरू होते. पावसाळा संपला की दरवर्षी ही डमी लोडची तपासणी पुन्हा करा.

एक मीटरचा लूप, संध्याकाळभरात

आता अँटेना. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिला बनवावा असा लूप (तारेच्या वेढ्याची अँटेना) म्हणजे एक मीटर व्यासाचा, गँगने, म्हणजे फिरवायच्या कपॅसिटरने, ट्यून होणारा. तो ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झ दोन्ही घेतो, वीज लागत नाही, आणि हाताने फिरवता येतो.

आरजी-५८ कोएक्सचा सव्वातीन मीटरचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना मधली तार आणि जाळी एकत्र डाग द्या. इथे कोएक्स फक्त एक जाड तार म्हणून वापरायची आहे. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी कंड्युइट पाइपचा क्रॉस करा आणि त्याच्या चार टोकांवरून ही तार गोल बांधा. दोन्ही टोकं खाली, हाताला येतील अशी, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतल्या हवेच्या गँगवर आणा. गँगचे दोन्ही स्थिर भाग एकत्र जोडून एका टोकाला, आणि चौकट दुसऱ्या टोकाला. एक मीटरच्या या वेढ्याचं इंडक्टन्स साडेतीन मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं, म्हणून ३.६ मेगाहर्ट्झला सुमारे साडेपाचशे पिकोफॅरड लागतात आणि ७.१ ला सुमारे १४०. दोन्ही भाग मिळून सातशेच्या पुढे जाणारा गँग असला की झालं. जुन्या बाजारात, भंगारातल्या रेडिओत असे गँग अजून मिळतात. पत्रे वाकलेले नसावेत आणि फिरवताना घासल्याचा आवाज येऊ नये, एवढं बघून घ्या.

गँगच्या दांड्यावर बॉलपेनची रिकामी नळी घट्ट बसवा. नाहीतर हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकतं.

आता वरच्या बाजूला, मोठ्या लूपच्या आत, त्याच्याच पातळीत, २० सेंटिमीटर व्यासाचा छोटा लूप बांधा: इन्सुलेशनवाली साधी तार, सुमारे ६५ सेंटिमीटर. त्याची दोन टोकं कोएक्सला: एक मधल्या तारेला, एक जाळीला. मोठ्या लूपशी कुठेही विजेचा जोड नाही. कोएक्स उभ्या पाइपालगत सरळ खाली आणा आणि बुडाशी चोक घाला.

रेडिओ जोडा, गँग हळूहळू फिरवा. एका जागी नॉईज अचानक फुगतो, तो शिखराचा बिंदू. शिखर अरुंद असतं. वीस-तीस किलोहर्ट्झ सरकलात की पुन्हा हात लावावा लागतो. हा त्रास वाटतो, पण त्याचा एक मोठा फायदा आहे. ७.२ मेगाहर्ट्झच्या वर बलाढ्य प्रसारण केंद्रं बसलेली आहेत, आणि साध्या रेडिओच्या, डोंगलच्या (संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरच्या) नाकीनऊ आणतात. हा लूप त्यांना दाराबाहेर ठेवतो. अशहर फरहान यांच्या बिटएक्स या घरी जोडता येणाऱ्या रेडिओवर सुरुवात केलेल्यांनाही हा फरक चटकन जाणवेल.

मग लूप फिरवा. कडेच्या दिशेने तो सगळ्यात जास्त ऐकतो, आणि तोंड ज्या दिशेला असेल तिकडचं सगळ्यात कमी. जवळचा गोंगाट एका दिशेने, जमिनीलगत येतो, म्हणून त्याच्याकडे तोंड केलं की तो खड्ड्यात पडतो. दूरचे सिग्नल आकाशातून तिरके, वेगवेगळ्या कोनांतून उतरतात, म्हणून ते टिकून राहतात. हा क्षण कानाने अनुभवावा असा आहे: भुणभुण खाली जाते आणि तिच्या मागून चेन्नईचा किंवा कोलकात्याचा माणूस स्पष्ट बोलायला लागतो, काटा मात्र आधीपेक्षा दोन अंक खाली. काट्याकडे बघू नका. कानाला विचारा.

फ्लॅटमध्ये गोंगाट भिंतीतल्या सगळ्या वायरींमधून येतो, त्यामुळे खड्डा नेहमी खोल मिळत नाही. अशा वेळी लूप हातात धरून चाला. बाल्कनीच्या या टोकाला आणि त्या टोकाला जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. दोन मीटर सुद्धा पुष्कळ. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टच्या खोलीपासून लांबचा कोपरा पहिला तपासा.

आणि यावर कधीही ट्रान्समिट करू नका. १०० वॅट गेले तर त्या गँगवर हजाराहून जास्त व्होल्ट चढतात. ज्या रेडिओला ऐकण्याच्या अँटेनासाठी वेगळा सॉकेट आहे तिथे लूप तिकडे लावा. नसेल तर ट्रान्समिटच्या वेळी लूप आपोआप तोडून जमिनीला जोडणारा रिले घाला; हाताच्या स्विचवर विसंबू नका. वेगळ्या डोंगलवर ऐकत असाल तर त्यालाही हेच संरक्षण द्या, नाहीतर स्वतःच्याच डायपोलच्या सिग्नलने तो जळेल.

गावाकडे जागा असेल तर

कोकणातलं परसू किंवा देशावरचं शेत हाताशी असेल तर पुढची मजल आहे. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे जमिनीवरचा लूप: साडेचार मीटर बाजूचा चौकोन, एकूण १८ मीटर इन्सुलेशनवाली तार, सरळ जमिनीवर पसरलेली. एका कोपऱ्यात बीएन-७३-२०२ या दोन भोकांच्या फेराईटवर ट्रान्सफॉर्मर: कोएक्सच्या बाजूला २ वेढे, तारेच्या बाजूला ६, दोन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळे. त्यानंतर चोक. घराच्या वायरिंगपासून दहा-पंधरा मीटर तरी लांब ठेवा, तिथेच खरा लाभ आहे. फ्लॅटच्या स्लॅबवर, आतल्या सळ्यांच्या अंगावर, मला याचा उपयोग झाला नाही.

के-९-ए-वाय लूप हा थोडा मोठा: मध्यभागी साडेसात मीटरचा खांब, त्यावरून खाली येणारा सुमारे २६ मीटर तारेचा त्रिकोणी वेढा, बुडाशी अर्थची कांब, एका बाजूला सुमारे ५०० ओहमचा रोध. तो एका दिशेने ऐकतो, आणि दोन लूप काटकोनात घालून रिले लावले की चार दिशा हातात येतात. आपल्यासाठी युरोप वायव्येला आणि जपान ईशान्येला, एवढ्या दोन दिशा सुरुवातीला पुष्कळ.

आणि बेव्हरेज. हॅरॉल्ड बेव्हरेज यांनी १९२१ साली पेटंट घेतलेली ही लांबलचक तार, दोन-तीन मीटर उंचीवर, दीडशे-दोनशे मीटर, शेवटी साडेचारशे-पाचशे ओहम आणि अर्थ. ती वीज कमी वाहणाऱ्या जमिनीवर जास्त चांगली चालते, म्हणून कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर ती काळ्या ओल्या रानापेक्षा खुलते. काढणी झाल्यावर टाकायची आणि पेरणीआधी गुंडाळायची. बैलांच्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर उंच घ्या.

वर्षाचं वेळापत्रक

वळवाचा पहिला ढग दिसला की सगळ्या बाहेरच्या केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवायच्या, लूपचीसुद्धा. पावसाळ्यात गँगची पेटी घरात आणा, ओल लागली की पत्र्यांवर बुरशी धरते. गणपती उठले की मेन स्विचची रात्र ठरवा आणि वही उघडा. चोक दिवाळीआधी घालून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या थंड आठवड्यात, सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी, प्रीअॅम्प बंद करून ८० मीटरवर बसा. त्या अर्ध्या तासात पश्चिमेकडे अजून रात्र असते आणि युरोपची स्टेशनं ऐकू येऊ शकतात. लूपचं तोंड शेजारच्या इमारतीकडे ठेवा आणि गँग हलक्या हाताने फिरवा.